सन्माननीय खोकेवाले यांस अनावृत पत्र



तुमचं खरं नाव ठाऊक नाही म्हणून 'खोकेवाले' म्हणतो आहोत, राग नसावा. आमच्या गटात तुम्ही याच नावाने प्रसिद्ध आहात. 'खोकेवाले येऊन गेले' असा निरोप पहाटे मोबाइलवर पडला की आज कामावर दांडी कोणाची, एवढंच ठरायचं बाकी राहतं.

पत्रास कारण की, आम्हाला तुमचा सत्कार करायचा आहे. शाल आणलेली आहे. नारळही आहे. पण सत्कारमूर्ती अंधारात येते आणि उजाडायच्या आत पसार होते, तेव्हा मानपत्र असं चारचौघांत वाचण्यावाचून इलाज उरला नाही.

आमची ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही, कारण आमचे पत्ते तुम्हाला पाठ आहेत. तरी रीत म्हणून सांगतो. मुंबईच्या एका उपनगरातल्या चार सोसायट्यांत विखुरलेली आम्ही काही माणसं: एक निवृत्त शिक्षिका, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली, एक रिक्षावाले मामा, आणि बँकेतले एक गृहस्थ, जे बायकोला दर वेळी 'हे शेवटचंच हं' असं सांगतात आणि ती दर वेळी मान डोलावते. आमच्याकडे शेड नाही, आश्रम नाही, दारावर पाटी नाही. बाथरूम आहेत. कोणाची बाल्कनी आहे. शिक्षिकाबाईंकडे देवघराला लागून एक खोली आहे, तिच्यात पूर्वी पाहुणे उतरत. आता पाहुणे येत नाहीत.

तुमची खोकी मात्र नेहमी बघण्यासारखी असतात. कधी मिक्सरचं, कधी केळ्यांचं, दिवाळीनंतर सुक्या मेव्याचं. वर हवेसाठी कात्रीने पाडलेली भोकं. आत मऊ झालेला जुना टॉवेल, आणि कोपऱ्यात वाटीभर दूध. या वाटीपाशी आमचा कंठ दाटतो. डोळेही न उघडलेलं मांजराचं पिल्लू वाटीतलं दूध पीत नाही, ते वाटीत पडतं. मग ओलं होतं, गार पडतं, आणि गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काही पचत नाही. गाईच्या दुधाने त्याला जुलाब लागतात ते वेगळंच. पण भावना महत्त्वाची. भावनेपोटी तुम्ही ते गोकुळाष्टमीच्या कृष्णासारखं सजवून ठेवता आणि निघून जाता, आणि पुढचं सगळं यशोदेने बघायचं असतं.

पुढचं म्हणजे काय, ते कळायला तुम्हाला कधी थांबता आलं नाही, म्हणून लिहितो. आधी पिल्लाला ऊब द्यायची. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली चालते. अंग गरम झाल्यावरच पाजायचं, तेही मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कालवून, लहान बाटलीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने, आणि पालथं धरून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसत राहायची, कारण तीनेक आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला ते आपलं आपण जमत नाही. एरवी आई चाटून हे काम करते. रात्री तीन वाजता गजर लावून उठलेले, हातात कापसाचा बोळा धरून "कर रे बाळा, कर" असं विनवणारे बँकेतले गृहस्थ तुम्ही एकदा पाहावेत अशी फार इच्छा आहे. सकाळी त्यांना ऑडिट असतं.

एवढं करून सगळी जगतात असं नाही. खोक्यातून कधी एफपीव्ही येतो, मांजरांचा तो कुप्रसिद्ध विषाणू. लस न मिळालेल्या पिल्लांना तो दोन दिवसांत संपवतो आणि पुढे कित्येक महिने फरशीवर, टोपलीत, दाराच्या कडीवर टिकून राहतो. मग ब्लीचने बाथरूम घासायचं, टॉवेल फेकायचे, आणि त्या घरात बराच काळ नवं पिल्लू घ्यायचं नाही. अशा वेळी आमच्यातलं एक बाथरूम बंद पडतं. तुमचा पुरवठा मात्र चालू असतो.

तरी तुम्ही सुधारक आहात, हे मान्य केलंच पाहिजे. तुमच्या आधीच्या पिढीची पद्धत अशी होती की पिल्लं गोणीत भरायची, गोणीचं तोंड बांधायचं (बंद गोणीत रस्ता कळत नाही म्हणून) आणि मासळी बाजारात सोडून यायचं. "तिथं खाण्याचे हाल नाहीत," असं सांगत घरी येऊन जेवायला बसायचं. ज्याला अजून दात फुटलेले नाहीत त्याला बांगड्यांच्या ढिगाशेजारी सोडण्यात एक औदार्य होतं. बाजारातले बोके, कुत्री आणि पहाटेचे टेम्पो त्या औदार्याचा पुढचा हिशेब बघत. पण मूळ अडचण धर्माची होती. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आजीने सांगून ठेवलेलं. सोन्याचा भाव सगळ्यांनाच ठाऊक. तेव्हा मारायचं नाही, फक्त सोडायचं. मेलं तर ते बाजारात मेलं. आजवर या पळवाटेने महाराष्ट्राचं किती सोनं वाचलं असेल!

कायद्याची भीती तर बाळगूच नका. प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा १९६० चा कायदा आहे, आणि उपासमारीने हाल होतील अशा रीतीने प्राणी सोडून देणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५०. शून्य राहिलेलं नाही, पन्नासच. मासळी बाजाराला रिक्षाने जाऊन यायला याहून जास्त पडतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण सापडायचं कुणाला? आमच्या सोसायटीचा कॅमेरा नेमका गेटावरच्या मनीप्लँटकडे तोंड करून आहे.

मध्ये एकदा खोक्यात पिल्लांऐवजी थोरली मांजर निघाली. गळ्यात घुंगरू, अंगाला शॅम्पूचा वास आणि सोबत चिठ्ठी: 'घरात गोड बातमी आहे.' अभिनंदन! डॉक्टरांनी मांजराच्या विष्ठेपासून जपा म्हटलं असेल, ते बरोबरच आहे. पण विष्ठेतल्या त्या परजीवीला बाधा करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो. तेव्हा मांजराची वाळू रोज बदलली, आणि ती होणाऱ्या बाबांनी बदलली, तर काम भागतं. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो. डोहाळजेवणाच्या कोशिंबिरीतली काकडी कुणी खोक्यात घालून आमच्या दारात ठेवल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आता सत्कारातला मुख्य मुद्दा. खोक्यात तुम्ही सगळं घालता, आई सोडून.

ती तुमच्याकडेच असते. जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांमागे, किंवा तळमजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या सज्जात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ही आई सातही घरं पुन्हा पुन्हा धुंडाळत ओरडत असते. दोन रात्री तुमची झोपमोड होते, तिसऱ्या दिवशी सगळं शांत. तुम्हाला वाटतं, विसरली बिचारी. विसरली असेल किंवा नसेल. तिच्या शरीराने मात्र पुढची तयारी सुरू केलेली असते. अंगावर पिणारी पिल्लं असतानाही मांजर माजावर येऊ शकते, पण पिल्लंच उचलून नेली तर दूध आटतं आणि ती आणखी लवकर येते. त्यातून मांजरीचं बीज सुटतं ते बोक्याशी संग झाल्यावर, त्यामुळे संधी फारशी वाया जात नाही. पुढे जेमतेम नऊ आठवडे. म्हणजे खोकेवाले, प्रत्येक खोक्यातून तुम्ही पुढच्या खोक्याची बेगमी करत असता. ही चतुराई आम्हाला फार उशिरा कळली. तुम्हाला अजून कळलेली नाही, असा आमचा कयास आहे. आणि तुम्ही आणलेल्यांतली मादी पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचीही पाळी येते.

यावर उपाय आहे आणि तो जगजाहीर आहे: आईला पकडायचं, नसबंदी करायची, बरी झाली की होती तिथेच सोडायची. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे पुन्हा कुणी तिला टेबलावर घेत नाही. तिथेच का सोडायची, असं तुमचे सेक्रेटरी विचारतात. कारण ती गेली तर तिच्या जागी दुसरी येते, आणि त्या दुसरीचा कान शाबूत असतो. सरकारचे २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नावापासूनच फक्त कुत्र्यांचे होते. २०२३ साली नवे नियम आले, त्यांत मांजरं सामावली. मांजरांना सरकारदरबारी पोचायला बावीस वर्षं लागली, आणि तीही कुत्र्यांच्या मागे. हा अपमान त्यांनी कसा गिळला असेल ते त्यांनाच ठाऊक.

इतर लोक आम्हाला काय म्हणतात तेही ऐका, कारण त्यात तुमचेच मावसभाऊ आहेत. "तुम्हाला आवड आहे ना!" हे पहिलं वाक्य. जणू रात्री तीनचा कापूस हा भरतकामासारखा छंद आहे. "सरकार पैसे देत असेल ना?" हे दुसरं. सरकार देत नाही. लसी, ऑपरेशनं, सलाइन, सगळं खिशातून आणि काही भल्या माणसांनी महिन्याला धाडलेल्या शंभर-दोनशेंतून चालतं. "इतकी आहेत, त्यात ही चार," हे तिसरं, आणि ते बोलणाऱ्याच्या हातात साधारणपणे पिशवी असते. जुन्या पिढीतले एखादे काका "परळच्या बैलघोड्यात नेऊन टाका" असा सल्ला देतात. दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने उभं केलेलं ते जनावरांचं इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून मुंबईच्या मुक्या जिवांवर उपचार करतं आहे. उपचार, काका. नको असलेल्या वस्तू ठेवायचं ते गोदाम नाही.

जगलेली पिल्लं दोन महिन्यांची झाली की आम्ही घरं शोधायला निघतो, आणि इथे खरी करमणूक सुरू होते. पहिला प्रश्न: पर्शियन आहे का? नाही. मग पांढरं आहे का? सोनेरी? सोनेरी असेल तर मादी द्या, ती शांत असते म्हणे. निसर्गाचा नियम असा की सोनेरी मांजरांत पाचांतले चार बोके असतात आणि तीनरंगी जवळजवळ सगळ्या माद्या. ते सांगितलं की म्हणतात, मग तीनरंगी बोका बघा. काळं पिल्लू कुणालाच नको. आडवं जाण्याआधीच त्याला नकार मिळतो. एक डोळा सर्दीच्या संसर्गात गेलेलं पिल्लू असतं, ते सगळ्यांत आधी मांडीवर चढतं आणि सगळ्यांत शेवटी घरी जातं.

मग आमचे प्रश्न. घर भाड्याचं की स्वतःचं? घरातल्या सगळ्यांना चालणार का? सहा महिन्यांचं होईस्तोवर ऑपरेशन करून घ्याल ना? खिडक्यांना जाळी आहे का? "मुलीच्या लग्नातसुद्धा एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या," असं एक बाई रागावून म्हणाल्या. करायला हव्या होत्या. जाळीवर सगळे अडतात. मांजर पायांवरच पडतं ना! पडतं. पाचव्या मजल्यावरूनही पायांवरच पडतं. मग पाय, हनुवटी आणि छाती या क्रमाने जमिनीची गाठ घेतं. ते खर्च आम्ही पाहिलेले आहेत. जाळी स्वस्त पडते.

तर आता विनंती, कारण मानपत्राच्या शेवटी सत्कारमूर्तीकडून काहीतरी जाहीर करून घ्यायची प्रथा आहे. देणगी मागत नाही. दिलीत तर पावती मिळेल. तुमच्याकडची जुनी वर्तमानपत्रं द्या, जुने टॉवेल द्या, ते तसेही तुम्ही पाठवताच. रविवारी एखादं मांजर डॉक्टरकडे न्यायला गाडी द्या. पंधरा दिवस एक बाथरूम द्या. आमची दोन तरणीताठी मांजरं कित्येक महिने घराच्या प्रतीक्षेत आहेत. खोड्यांचं वय सरलेलं, पेटीत शी करायची शिस्त लागलेली, लस झालेली, ऑपरेशन झालेलं. त्यांतली एक काळी आहे. तुम्हाला त्याचं काही वाटू नये. तुमचा बराचसा वावर अंधारातच असतो.

यातलं काहीच जमणार नसेल तर खोकं ठेवून जा, हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी टॉवेलावर एक चिठ्ठी ठेवा. नाव नको. इमारत, विंग, आणि ती कुठे बसते एवढंच लिहा.

कळावे, लोभ आहेच, तो किती वाढवायचा ते तुमच्या हातात.

आपले,
चार सोसायट्यांतले आम्ही सगळे

ता. क. पिंजरा आमचा, बोंबील आमचे, ऑपरेशनचा खर्चही आमचा. भरल्या पोटी मांजर पिंजऱ्यात शिरत नाही, शिवाय ऑपरेशनला पोट रिकामं लागतं. तेव्हा आम्ही येऊ त्या संध्याकाळी तिला दूध-पोळी घालू नका. एक संध्याकाळ एवढं निष्ठुर व्हायला तुम्हाला जमेल, असं वाटतं.