रस्ता तेवढाच

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे. पण तिथे पाटी वाचायला कोण जातो? लोक जातात ते भाव करायला. गिरगावकराच्या पायाखालची ही वाट, म्हणून कॉम्प्युटरचं काही घ्यायचं झालं की भाचा मला सोबत नेतो. माझ्या तांत्रिक ज्ञानासाठी नव्हे. खरेदीला कुणीतरी वडीलधारं पाकीट लागतं.

"मामा, त्याच पैशात चार जीबीचं कार्ड!" तो कानात कुजबुजतो. दुकानाचे शेठ तेच मोठ्याने सांगतात. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर जीबीचा आकडा गणपतीच्या मंडळाच्या बॅनरवर नेत्याचा फोटो असतो तेवढा मोठा. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात '६४-बिट' लिहिलेलं असतं, ते चष्मा लावूनही सापडलं तर नशीब. खरी मेख तिथेच आहे.

ही मेख समजायची तर परळला जावं. गिरण्या गेल्या, चिमण्यांच्या जागी पन्नास-पन्नास मजली टॉवर आले, पण खालचा रस्ता गिरणी सुटायची तेव्हा होता तेवढाच राहिला. वर राहणारे, काम करणारे कितीही हुशार असोत, सकाळी सगळे एकाच सिग्नलला थांबलेले. स्वस्त कार्डाचं तसंच. चिपमध्ये गणितं करणारे शेकडो कोअर बसवतात. पण त्यांना लागणारा माल मेमरीतून यायचा तो एका अरुंद, ६४-बिटच्या वाटेने. १०८० रिझोल्युशनच्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे, प्रत्येकासाठी चित्रांचे तुकडे आणायचे, कोण पुढे कोण मागे ते तपासायचं, परत लिहून ठेवायचं. वाट तुंबली की कोअर हात बांधून बसतात. त्यांचा वेग वाढवलात तर ते आणखी लवकर रिकामे होतात, एवढंच.

याचा नमुना म्हणून एनव्हिडियाचं जीटी १०३० जपून ठेवण्यासारखं आहे. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. सेकंदाला ४८ जीबी माल वाहायचं, यालाच बँडविड्थ म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४चा अवतार निघाला. कोअर तेवढेच ३८४, मेमरी तेवढीच २ जीबी, वाटही तीच ६४-बिटची, चिपचा वेग किंचित कमी. पण वाहतूक १६.८ जीबीवर आली आणि बऱ्याच गेम्समध्ये वेग जवळजवळ निम्मा झाला. नाव मात्र तेच! इतक्या शांतपणे केलेली पदावनती मी सरकारी खात्यातही पाहिलेली नाही.

कंपन्यांचंही गणित आहे म्हणा. जीडीडीआरची एक चिप साधारण ३२ बिटची वाट देते. म्हणजे ६४-बिटला दोन चिपा पुरतात, १२८ला चार लागतात. वाट रुंद करायची तर मुख्य चिपच्या कडेला जागा हवी, बोर्डावर तारांचं जाळं वाढवायला हवं. त्यापेक्षा त्याच दोन चिपा जास्त जीबीच्या लावल्या की आकडाही वाढतो आणि गिऱ्हाईकही खूश.

अलीकडे त्यांनी वेगळी युक्ती काढली आहे. टॉवरवाल्यांनी कसं, जिम, वाणसामान, बालवाडी सगळं आवारातच केलं, म्हणजे माणूस रस्त्यावर उतरायलाच नको. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ३०६० कार्डाची वाट १९२-बिटची होती, सेकंदाला ३६० जीबी. २०२३च्या ४०६०मध्ये ती १२८-बिट आणि २७२ जीबीवर आणली, पण चिपच्या पोटातली एल२ कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली. नेहमी लागणारा माल घरातच. युक्ती चालते, ४०६० पुढेच आहे. मात्र रिझोल्युशन वाढवलं की आवारातलं दुकान अपुरं पडतं आणि सगळ्यांना पुन्हा त्याच अरुंद रस्त्यावर यावं लागतं.

शेठना मी विचारलं, "याची बँडविड्थ किती?" त्यांनी माझ्याकडे, मग भाच्याकडे असं काही पाहिलं की जणू मी काही भलतंच बोलून गेलो. "काका, चार जीबी आहे ना!"

वाचकहो, तुम्हीही जाल तेव्हा जीबीच्या आधी दोन गोष्टी बघा: मेमरी डीडीआर की जीडीडीआर, आणि किती बिट. कार्डाला पैसे नसतील आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवायचं असेल, तर माल साध्या रॅममधूनच येणार, तेव्हा १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नका, ८-८च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० असेल तर एका पट्टीला सेकंदाला २५.६ जीबीची वाट मिळते, दोन पट्ट्यांना ५१.२ची. किमतीत फार फरक पडत नाही.