काउंटरवरून खाली उतर!
तिहेरी मलमाच्या ट्यूबला खुले पत्र

नशिराबाद, जि. जळगाव

तिहेरी मलमाच्या ट्यूबला,

'प्रिय' लिहीत नाही. तू तशी वागलेली नाहीस.

आमच्या गावात तुझी ओळख करून द्यावी लागत नाही. मेडिकलवर जायचं, 'खाजेची ट्यूब द्या' म्हणायचं, की तू हजर. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड, असे तिघे एकाच नळीत कोंबलेले. रोग कोणताही असो, तिघांतलं एखादं तरी लागू पडेल, हा तुझा हिशेब. आणि त्या हिशेबाची किंमत आमच्या कातडीने मोजायची.

जळगाव-भुसावळच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. केळीच्या बागेत राबणाऱ्याचे, गोण्या उचलणाऱ्याचे कपडे दिवसभर घामाने अंगाला चिकटलेले. जांघेत, कमरेला गजकर्ण उठतं, रात्रभर खाज. तू लावली की दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणूस तुला दुवा देतो. तो दुवा तू लबाडीने मिळवलेला आहेस. खाज आणि लाली म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेलं भांडण. तुझ्यातलं स्टिरॉइड ते भांडणच दाबून टाकतं. राखणदाराला गुंगी देऊन शेत चोरांच्या हवाली करावं, तसं. वरून कातडी शांत दिसते आणि आत बुरशी पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते, मग डॉक्टरलाही रोग चटकन ओळखू येत नाही. तुला लावणं थांबवलं की दुपटीने उठतं, म्हणून माणूस पुन्हा तुझ्याकडेच येतो. महिनोन्महिने हे चाललं की कातडी पातळ होते आणि जांघेत चरे पडतात. ते चरे जन्मभर जात नाहीत. तोवर एकाच पंच्याने अंग पुसणाऱ्या घरात बायको-पोरांनाही लागण झालेली असते.

तुझ्या कुळाने चेहरेही सोडले नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जणांनी चेहऱ्याला स्टिरॉइड लावलेलं आढळलं.

गावापुरतीच राहिली असतीस, तरी गुन्हा लहान नव्हता. पण आमची पोरं पोटापाण्यासाठी सुरतला, पुण्याला, आखातात जातात आणि त्यांच्या बॅगेतून तूही जातेस. परक्या मुलखात, परक्या भाषेत त्वचेच्या डॉक्टरसमोर बसलेल्या पोराला पहिला प्रश्न येतो, 'आधी काय लावलं होतं?' तो तुझं नाव सांगतो, पण तुझ्या पोटात काय आहे ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि बॅगेतून तू जातेस, तशी माणसाच्या अंगावरून बुरशीही प्रवास करते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीची नवी जात म्हणून नोंद केली. नमुने होते जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाचे. तिचं नाव ठेवलं 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए'. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांच्या अंगावर सापडली, त्यातली एक तर अलीकडे कधी परदेशात गेलेलीही नव्हती. औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या या संकटाचं तू एकटीच कारण नाहीस. पण त्वचारोगतज्ज्ञ त्याची कारणं मोजतात, तेव्हा तुझं नाव घेतल्याशिवाय त्यांची यादी पुरी होत नाही.

स्टिरॉइडशी माझं वैर नाही. कॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. सोरायसिसला, इसबाला, डॉक्टरने ठरवलेल्या दिवसांपुरतं आणि ठरवलेल्या जागी लावलेलं हेच औषध माणसाला सुखाची झोप देतं. गजकर्णावर, चिठ्ठीशिवाय, महिनोन्महिने लावणं हा मात्र अपराध आहे. कायदाही तेच सांगतो. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, अशी दुरुस्ती केंद्राने २०१८ मध्ये केली. तुझ्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो. तो वाचून दाखवण्याचं काम मेडिकलवाल्याचं होतं. त्याने गल्ला पाहिला.

तुला हातपाय नाहीत, हे मी जाणतो. तुला बनवणारा कारखाना, खपाचं टार्गेट घेऊन फिरणारा औषध कंपनीचा एमआर, पाटी लावून बसलेला बोगस डॉक्टर आणि सुटे पैसे मोजता मोजता तुला पुढे सरकवणारा दुकानदार, हे सगळे तुझे हात. हे पत्र त्यांनीही वाचावं. अन्न व औषध प्रशासनाने गावोगावच्या दुकानांतली बिलं आणि चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात. आणि आमच्या माणसांनी जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा विभागाची ओपीडी गाठावी, घरातल्या सगळ्यांना दाखवावं, खाज थांबली तरी सांगितलेले आठवडे औषध पुरं करावं आणि पंचा ज्याचा त्याने वेगळा ठेवावा.

तुझी जागा चिठ्ठीच्या मागे आहे. डॉक्टर बोलावेल तेव्हा ये. तोवर आमच्या काउंटरवरून खाली उतर.

नशिराबादचा एक रहिवासी