कायम विनाअनुदानित

ठाण्यातल्या आमच्या कोपरीत बहुतेक घरांत इंटरनेट आहे. फक्त दिवसा ते घरी नसते. सकाळी डबा घेऊन लोकलने कामाला जाते आणि रात्री आठ-साडेआठला, गर्दीत चेंगरून, बॅटरी संपलेल्या अवस्थेत परत येते. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढे ठाण्यात जे जे कामाचे ते सकाळी मुंबईला जाणार, हा रिवाजच पडला. आधी नुसते बाबा जायचे. आता बाबांच्या खिशात बसून अख्ख्या घराचा नेटपॅक जातो.

शाळेला हे पटत नाही. शाळेच्या फॉर्मवर ‘घरी इंटरनेट आहे का?’ असा रकाना असतो आणि पालक त्यात ‘होय’ लिहितात. ते खोटे नसते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरांमधल्या ४२ टक्के घरांत आणि खेड्यांतल्या १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. पुढे करोनाने उरलेल्यांपैकी अनेकांना कर्ज काढून मोबाइल घ्यायला लावला. पण घरात आहे ते नेट कुणाच्या खिशात आणि किती वाजता, हा रकाना मी तरी कुठल्या फॉर्मवर पाहिलेला नाही. दुपारी चारला शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सोबतच्या लिंकवरील स्वाध्याय आजच पूर्ण करून फोटो पाठवावा.’ तेव्हा मूल कोपरीत असते आणि लिंक मस्जिद बंदरला.

आमच्या तीन मजली इमारतीत दिवसा घरी थांबणारे इंटरनेट एकच, ते माझे. मी घरून काम करतो, म्हणजे मी घरी असतो आणि काम करतो असा माझा दावा आहे. राउटर खिडकीशी लावलेला आहे. पहिल्यांदा शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या, ‘दोन मिनिटांचं काम आहे हो.’ दुसऱ्या दिवशी नातू एकटाच आला. तिसऱ्या दिवशी मित्राला घेऊन आला. आता संध्याकाळी पाच ते सात आमच्या बैठकीच्या खोलीत तीन शाळा, दोन माध्यमे आणि पहिली ते नववीचे वर्ग एकत्र भरतात. चपलांची रांग जिन्यापर्यंत जाते. परवा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर जाताना ती रांग पाहून दारात थबकले आणि हळूच म्हणाले, ‘काय झालं? कधी झालं?’

महाराष्ट्रात पूर्वी ‘कायम विनाअनुदानित’ नावाचा शाळांचा एक प्रकार होता. शाळा काढा, चालवा, पण सरकारकडे पैसे मागू नका. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. २००९ साली सरकारने त्यातला ‘कायम’ तेवढा काढून टाकला. शिक्षक मात्र अनुदानासाठी आझाद मैदानावर बसायचे ते बसतच राहिले. माझ्या बैठकीच्या खोलीची मान्यता अजून जुन्याच प्रकारातली आहे. वीज माझी, नेट माझे, फॅन माझा, आणि बायकोच्या मते माध्यान्ह भोजनही माझेच, कारण चिवड्याचा डबा रोज सातपर्यंत तळाला लागलेला असतो.

या ऑनलाइन अभ्यासाची सुरुवात झाली तेव्हा कारण खरे होते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिकवणे चालू ठेवायला हवे होते. त्या वर्षी लोकांनी डोकेही असे चालवले की वाचून मान डोलवावी. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिला पासवर्ड लागत नव्हता, घरचा टीव्ही पुरत होता. पालघर जिल्ह्यात, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पाड्यांवर, ‘बोलकी शाळा’ लाउडस्पीकर घेऊन फिरली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. कणकवली तालुक्यात एका मुलीला घरी रेंज मिळेना, तर भावांनी तिला डोंगरावर, रेंज होती तिथे झोपडी बांधून दिली. यातल्या प्रत्येकाने आधी मुलाच्या घरी काय आहे ते पाहिले आणि मग शिकवायचे कसे ते ठरवले.

२०२२ मध्ये शाळा पूर्णपणे उघडल्या. मुले शाळेत परतली, पण शाळेचा अर्धा संसार आमच्याकडेच राहिला. वहीत गृहपाठ लिहून देण्याचे काम ग्रुपकडे गेले. प्रकल्पाची चित्रे शोधण्याचे काम पालकांकडे गेले. ती रंगीत छापण्याचे काम गेले कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. आमच्या भागात शालेय शिक्षणाची खरी जाण आता त्याला आहे. मुलाने नुसते दुकानासमोर उभे राहायचे. तो इयत्ता विचारतो, शाळा विचारतो आणि म्हणतो, ‘सहावी? मग तुला जलचक्र. बाणासकट की बिनबाणाचं?’ वर्गशिक्षिकांना पन्नास जलचक्रे मिळतात, पन्नासही सारखी, आणि एकाच ठिकाणी शाई पुसट.

मुलांनी काही शिकावे, असाच यात हेतू असणार. पण परवा चौथीतल्या एकाला ‘आजीशी गप्पा मारून जुने खेळ लिहा’ असा स्वाध्याय आला. आजी माझ्या सोफ्यावर, त्याच्या शेजारीच बसली होती. नातवाला सोबत म्हणून आलेली. तिने दोन वेळा ‘विटीदांडू’ म्हणून पाहिले. तो म्हणाला, ‘थांब गं आजी, लोड होतंय.’

मोबाइलबाबत शाळेचे धोरण तर स्पष्ट आहे. तो शाळेत दप्तरात सापडला तर पालकांना बोलावतात. घरी सापडला नाही, तरी पालकांनाच बोलावतात. केरळमध्ये एका विद्यार्थिनीला संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करायला नकार दिला म्हणून वसतिगृहाबाहेर काढले होते. ती उच्च न्यायालयात गेली आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हा निकाल मी आमच्या ‘शाळे’त मोठ्याने वाचून दाखवला. सातवीतल्या मुलीने विचारले, ‘म्हणजे आता बाबांचा फोन घरी ठेवून घ्यायचा?’ हक्क मोठा आहे, पण तो बाबांबरोबर लोकलने जातो, त्याला न्यायालय तरी काय करणार?

सरकारचेही शाळेसारखेच. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आणि सरकारने त्यांचा अर्ज ठेवला ऑनलाइन. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी तसे नेटवरून कळवावे! २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू होणार होती, तर संकेतस्थळानेच त्या दिवशी हजेरी लावली नाही. नोंदणी पुढे २६ मेला सुरू झाली. आमच्याकडे अर्ज भरायला जमलेल्या दहावी पास मुलांना २१ मेला पहिल्यांदाच सरकार आपल्यातले वाटले.

माझे म्हणणे फार मोठे नाही. आमच्या भागातल्या मुलांच्या शाळांत कॉम्प्युटरची खोली असते. तिला काचेचे दार असते, दाराबाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी असते आणि दाराला कुलूप असते. शाळा सुटल्यावर दोन तास ते कुलूप काढावे. जी गोष्ट लागणार म्हणून सांगता, ती आधी आपल्याकडे मांडून ठेवावी. पूर्वी प्रयोगवहीसाठी बुन्सेन बर्नर कुणी घरून आणायला सांगत नव्हते. हे मी पालकसभेत बोललो. माझा एकही मुलगा त्या शाळेत नसल्यामुळे मला बसायला सांगण्यात आले.

मग मी आकडे काढले. केंद्राच्या २०२३-२४ च्या यूडायस प्लस अहवालात देशातल्या जेमतेम ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. घरोघर ज्याची चौकशी होते, ते जवळपास निम्म्या शाळांकडेच नव्हते.

हा आकडा मनात घोळत असतानाच मुलांच्या शाळांच्या ग्रुपांपैकी एकावर मेसेज आला, ‘शाळेतील नेट बंद असल्याने गुणपत्रके मिळण्यास विलंब होईल. पालकांनी सहकार्य करावे.’ मी विजयी मुद्रेने तो वाचून दाखवला. वाटले, पोरे टाळ्या वाजवतील, निदान शाळेच्या वहीत लाल शाईचा शेरा मारायची सूचना तरी करतील. पण ती गंभीर झाली. नेट नसल्याचे दुःख त्यांना माहीत आहे. काकूंचा नातू जरा विचार करून म्हणाला,

‘काका, बाईंना आपला पासवर्ड देऊन टाकू या? पाच ते सातमध्ये येतील त्यासुद्धा.’

आतून बायकोचा आवाज आला, ‘चिवडा वाढवावा लागेल.’