अगंबाई, कोपर दिसलं!

ऐकलंत का? विंबल्डनच्या हिरवळीवर एका पोरीचं कोपर दिसलं! एक नव्हे, दोन्ही! साल १९०५, स्थळ इंग्लंड, आणि पोरगी कॅलिफोर्नियाच्या पासाडेनाची. नाव मे सटन, वय अवघं १८. उकडायला लागलं तशी बाईसाहेबांनी भर सामन्यात बाह्या सरसावल्या, अशा की कोपरं उघडी! परकरही इतका आखूड की घोटे दिसावेत. प्रेक्षकांतल्या सभ्य माणसांनी नजर कुठे ठेवायची, सांगा बरं?

त्या काळच्या टेनिस खेळणाऱ्या बायका कशा असत? आत कॉर्सेट, त्यावर दोन-दोन परकर, लांब मोजे आणि वर भलीमोठी टोपी. एवढ्या संसारासकट चेंडूमागे धावायचं म्हणजे तपश्चर्याच. मे सटनला ती मान्य नव्हती. बरं, खेळ तरी नाजूक असावा! छे. फोरहँड असा सणसणीत, फिरकी देऊन मारलेला, की चेंडू पलीकडे पडताच उसळी घ्यायचा. आदल्या वर्षीच ती अमेरिकेची विजेती झाली होती. इथे तिने गतविजेत्या डोरोथिया डग्लसला ६-३, ६-४ असं नमवलं आणि एकेरीचं विंबल्डन जिंकणारी पहिली अमेरिकन ठरली. अमेरिकन पुरुषांना त्यासाठी १९२०पर्यंत ताटकळावं लागलं, हे हळूच सांगते; उगाच कुणाला वाईट वाटायला नको. पुढच्या वर्षी डग्लसबाईंनी वचपा काढला, तर १९०७ला मेने पुन्हा विजेतेपद पळवलं.

दोष एकट्या मेचा नाही हो, घरच तसलं! वडील ब्रिटिश नौदलातले, तरी पोरींना शिस्त म्हणून नाही. एथेल, फ्लॉरेन्स, व्हायोलेट आणि मे, चौघी बहिणी रॅकेटच्या नादी लागलेल्या. दक्षिण कॅलिफोर्नियात म्हणच पडली होती की सटनला हरवायचं तर सटनच हवी. बाकीच्या मुलींनी काय नुसती टाळ्या वाजवायची कंत्राटं घेतली होती?

एवढं केल्यावर गावाने तिला जाब विचारायला हवा होता ना? पासाडेनाने १९०८च्या गुलाब महोत्सवात तिला राणी करून मिरवलं! लग्न केलं तेही टॉम बंडीशी, म्हणजे दुहेरीतल्या राष्ट्रीय विजेत्याशी. म्हटलं, आता तरी पोरंबाळं, चूलमूल होईल. झालं की! चार मुलं झाली, आणि बाई १९२९ला, वयाच्या ४२व्या वर्षी, विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठून आली.

आणि लेक? डोरोथी बंडीने १९३८ला ऑस्ट्रेलियाचं एकेरी विजेतेपद मिळवलं. तेही जिंकणारी पहिली अमेरिकन बाई. तेव्हा आयाबायांनो, लेकी आज्ञेत राहाव्यात असं वाटत असेल तर रॅकेट घरात आणू नका. आणलीच, तर बाह्यांचा विषय काढू नका.