बिनआवाजी

सरांना बिनआवाजी कॉम्प्युटर हवा होता, आणि सर राहतात लासुर्ण्यात, बारामती-इंदापूर रस्त्याला अगदी चिकटून. हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर त्यांच्या खिडकीखालून जातात. मागे दोन ट्रेलर, पुढे दोन कर्णे, आणि गाणं असं लावलेलं की पाठीमागच्या ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःचं बंद करावं. आषाढात बेलवाडीचं रिंगण आटोपून तुकोबांची पालखी इथूनच पुढे निघते. मधल्या काळात पालखी मार्ग चौपदरी होत होता, तेव्हा दिवसभर जेसीबी. शेजारी पिठाची गिरणी. यातल्या कशाबद्दलही सरांची तक्रार नाही. "तो आवाज जगाचा. आपल्या टेबलाखालचा आवाज मात्र आपली जबाबदारी," असं ते म्हणतात, आणि हे वाक्य गिरणी चालू असल्यामुळे दोनदा म्हणतात.

सर भौतिकशास्त्राचे. निवृत्तीनंतर नववी-दहावीच्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायचे ठरवलं आणि पहिलाच घेतला ध्वनीचा. रेकॉर्डिंग ऐकलं तर व्याख्येच्या मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा अखंड घुमतोय. उदाहरण म्हणून ते उत्तमच होतं, पण सरांना अपमान वाटला. नवा कॉम्प्युटर जोडायचा, आणि सुरुवात मदरबोर्डापासून करायची, असं ठरलं.

काही माणसं वस्तू घेण्यासाठी निवड करतात. सर निवड करता यावी म्हणून वस्तू घ्यायला निघतात. घरच्या मिक्सरच्या वेळी हे गावानं पाहिलं होतं. सर निवडत होते तोवर काकूंनी पाट्यावर वाटून एक दिवाळी काढली.

भिगवण रस्त्यावरच्या दुकानात शेठनी पहिला खोका काढला. "सर, हा गेमिंगचाय. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकूनच घेणार आहे, शेठ. कानानं निवडायचाय."

बोर्ड तर मुका असतो, त्याचा आवाज कसला, असं शेठना वाटलं आणि ते तसं बोलून बसले. पुढचा पाऊण तास दुकानात तास झाला. पंख्याची गती निम्मी केली तर आवाज साधारण पंधरा डेसिबलनं उतरतो. सारख्या दोन पंख्यांतला एक काढून टाकला तर उतरतो फक्त तीन. म्हणजे पंखे किती, यापेक्षा ते कुणाच्या ताब्यात आहेत ते बघायचं. ते मदरबोर्डाच्या ताब्यात. ज्या बोर्डाला चार पिनांचे कनेक्टर आणि बायोसमध्ये तापमानाप्रमाणे गती ठरवायची सोय, तो सुसंस्कृत. ज्याला तीन पिनांचा पंखा जोडला की तो सरळ पूर्ण वेगानं सुटतो, तो उडाणटप्पू. दुकानातल्या पोरानं हे वहीत उतरवून घेतलं. मला वाटतं भीतीनं.

मग एक्स ५७०. २०१९ साली आलेल्या या जातीच्या बहुतेक बोर्डांवर चिपसेट गार ठेवायला एक चिमुकला पंखा होता. छोटा पंखा म्हणजे जास्त फेरे, आणि जास्त फेरे म्हणजे बारीक किणकिण. सर त्याला डास म्हणतात. पुढच्या वर्षी आलेल्या बी ५५० मधल्या बहुतेकांवर डास नाही, हे कळल्यावर सरांनी शेठचं अभिनंदन केलं. जणू ते बोर्ड शेठनीच बारामतीच्या एमआयडीसीत बनवले होते. पण लगेच व्होल्टेजच्या कॉइल निघाल्या. पंखा नसला तरी प्रोसेसरवर भार आला की काही बोर्डांच्या कॉइल चिरचिरतात. सरांनी कागदाची सुरळी करून चालू बोर्डाला लावली आणि दुकानातल्या सगळ्यांना श्वास रोखायला सांगितलं. बाहेरून एसटी गेली. श्वास पुन्हा रोखला गेला.

आकाराचा प्रश्न घरी सुटायचा होता. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. सरांनी तिन्ही पुठ्ठ्यातून कापले आणि टेबलावर मांडून आठवडे काढले. मोठ्या पुठ्ठ्यावर काकूंनी लसूण सोलला. मधल्यावर नातवानं रस्ता काढला. सतरा सेंटीमीटरचा चौकोन दुधाच्या पातेल्यावर इतका बरोबर बसला की तो काही टेबलावर परत आला नाही. सर म्हणाले, "बघ, आकार व्यवहार्य आहे." मिनी आयटीएक्सच्या बाजूनं पहिलं मत पडलं ते असं.

दरम्यान शांतता म्हणजे नेमकी किती, हे ठरवायला सर मला पहाटे मोटरसायकलवर उजनीच्या पाण्याकाठी कुंभारगावला घेऊन गेले. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप. थंडीचे दिवस, रोहित पक्षी आलेले. लांबून फोटोत ते फार शालीन दिसतात. जवळून त्यांची कुजबुज म्हणजे ग्रामसभा आहे. सरांनी आकडा वहीत लिहिला आणि पुढे कंसात 'पक्षी' लिहिलं.

शेवटी एन १०० प्रोसेसर बोर्डावरच बसवून येतो, तो प्रकार सापडला. सहा वॅटचा, जिन्यातला एलईडी बल्ब नऊचा असतो. त्यामुळे पंखाच नाही, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. शिवाय पंखा नाही म्हणजे हवेबरोबर आत ओढली जाणारी कारखान्याची काजळीही कमी. हंगामात ती वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर उतरते, हे इकडे कुणाला समजावून सांगायला नको. सरांची कळी खुलली आणि लगेच मिटली, कारण मे महिना. ठोकळा खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि खोलीच चाळिशीची. त्यावर सरांनी असा उपाय काढला की रेकॉर्डिंग पहाटे चारला करायचं. पहाटे चारला शेतीची लाइट असली की आसपासचे पंप सुरू असतात. ते जगाचे.

एवढं होऊनही सर 'अजून एकदा बघू' म्हणतच होते. काकूंनी मोबाइलवरून शेठना परस्पर पैसे पाठवले. बोर्ड घरी आला त्या दिवशी सर जेवले नाहीत.

जोडल्यावर मात्र तो खरोखरच बिनआवाजी निघाला. पॉवरचा निळा दिवा सरांच्या डोळ्यांत जायचा म्हणून त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. आता तो चालू आहे की बंद, हे खुद्द सरांनाही हात लावून बघावं लागे. स्क्रीन बंद ठेवून पाऊण तासाचं रेकॉर्डिंग चाललेलं असताना काकू उठल्या, सगळं सामसूम बघून बटण बंद केलं आणि लाइटबिलावर दोन वाक्यं बोलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात. "शेठ, बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिना आहेत. तिथं लावायचा बझर मिळेल का?"

"सर, तो सुरू होताना एकदाच वाजतो."

"मला माहीत आहे."

शेठनी पुडी काउंटरवर ओतली. निरनिराळ्या बनावटीचे आठ-दहा बझर होते. सरांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि पोराला म्हणाले, "एकेक लाव बघू. घाई नाही."