एक दारू, चार भाव

१८० मिलीची चपटी. देशी असेल तर किमान ८० रुपये. धान्यापासून राज्यातच बनणारी 'महाराष्ट्र मेड लिकर' असेल तर १४८. भारतीय बनावटीची विदेशी असेल तर २०५. विदेशी मद्याचा प्रीमियम ब्रँड असेल तर ३६०. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत राज्य सरकारने दुकानातल्या दारूला ही चार किमतींची पायरी घालून दिली. त्याखाली विकायचं नाही.

दारूला किमान भाव असावा, या बाजूचा मी आहे. स्वस्त दारू जास्त प्यायली जाते, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पगाराच्या दिवशी देशीच्या दुकानासमोर उभं राहिलं की पुरे. पण भाव कशासाठी बांधला, यावर तो कसा बांधला जाणार हे ठरतं. हा निर्णय महसूल वाढवण्यासाठी झाला. वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज. तिजोरीकडे बघत बांधलेला भाव माणसाला वाचवायला कमी पडतो. कसा, ते बघा.

देशीची कडक बाटली आणि व्हिस्कीची बाटली शेजारी ठेवा. दोन्हींवर बारीक अक्षरात तोच आकडा सापडेल : ४२.८ टक्के. म्हणजे चपटीमागे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. यकृत दोन्हींनी सारखंच सडतं. तरीही एकीचा किमान भाव ८० आणि दुसरीचा २०५.

परिणाम उघड आहे. ज्याला २०५ जड झाले तो १४८ वर येईल. तेही झेपले नाहीत तर ८० वर. पिणं तेवढंच राहील, बाटली तेवढी बदलेल. आणि ज्याच्या घरात दारूची झळ सगळ्यात जास्त लागते, त्याच्या हाताशी सगळ्यात स्वस्त बाटली तशीच राहील.

हे वेगळ्या रीतीने करता येतं. स्कॉटलंडने केलं. व्हिस्कीवर ज्या देशाचं नाव चालतं, त्या देशाने २०१२ मध्ये किमान किमतीचा कायदा केला. व्हिस्की उत्पादकांची संघटना कोर्टात गेली, खटला वर्षानुवर्षं चालला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि १ मे २०१८ पासून तो लागू झाला. हिशेब साधा : १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट, एका युनिटला किमान ५० पेन्स. सप्टेंबर २०२४ अखेर तो दर ६५ पेन्स झाला. आपली ७७ मिलीवाली चपटी तिथे पाच पौंडांच्या खाली विकता येणार नाही, मग लेबल कोणतंही असो.

तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये या कायद्याचं मूल्यमापन मांडलं. कायदा नसता तर थेट दारूमुळे जितके मृत्यू झाले असते, त्यापेक्षा १३.४ टक्के कमी झाले. पण त्याच मूल्यमापनात एक कडू गोष्टही आहे. जे दारूच्या पुरते आहारी गेले होते, त्यांचं पिणं भाव वाढल्याने कमी झालं असं दिसलं नाही. पैशांची ओढाताण असलेल्या काहींनी तर जेवणावरचा खर्च कमी केला.

आपल्याकडे हे जेवण बायकोपोरांच्या ताटातलं असतं. म्हणून नुसता भाव वाढवून सरकारला हात झटकता येणार नाहीत. व्यसनात रुतलेल्या माणसाला उपचार हवेत, तेही तालुक्याच्या ठिकाणी, मोफत. १४ हजार कोटींतले उपचारांसाठी किती, हा प्रश्न प्रत्येक आमदाराला विचारायला हवा.

दारू महाग केली की लोक हातभट्टीकडे वळतात, असं सांगितलं जातं. ही भीती खरी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती हातावर पोट असलेलीच होती. म्हणून ८० चे २०५ एका रात्रीत करू नका. दरवर्षी ठरलेल्या टप्प्याने करा. भाव बांधणाऱ्या निर्णयातच राज्य उत्पादन शुल्क विभागाला १,२२३ पदं मंजूर झाली आहेत. त्या माणसांना पहिलं काम भट्ट्या मोडण्याचं द्या.

मागण्या तीनच. भाव अल्कोहोलच्या प्रमाणावर बांधा, बाटलीच्या जातीवर नको. वाढीव महसुलातला ठराविक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी कायद्याने बांधून ठेवा. आणि किती महसूल आला हे सांगता, त्याच पानावर किती माणसं दारूने गेली तेही दरवर्षी सांगा.

गावातलं एक दुकान बंद करायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांना मतदानाने बाटली आडवी करावी लागते. मजुरी बुडवून, घरात मार खाण्याची भीती असताना, त्या मतदानाला येतात. सरकारला भाव बदलायला एक बैठक पुरते. ती पुन्हा घ्या. कारण ८० रुपयांच्या चपटीतही ७७ मिलीच आहे आणि २०५ च्या चपटीतही ७७ मिलीच.