टायटल क्लिअर!

सिल्वासात फ्लॅट घ्यायला जा, बिल्डर चहाच्या आधी सांगतो, "टायटल क्लिअर, साहेब. एक रुपयाचा बोजा नाही." बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढून मान डोलावतो. आम्हाला सवड होती, म्हणून आम्ही अडीचशे वर्षांचा काढला.

मूळ मालक निघाला पुणे दरबार. १७७९ च्या तहात त्यानं पोर्तुगीजांना दमण परगण्यातली सालीना बारा हजार वसुलाची गावं, म्हणजे आजची दादरा-नगर हवेली, लावून देण्याचं कबूल केलं. वसूल खा, मालकी मागू नका, असा सरंजामी व्यवहार. पेशवाई बुडाली, इंग्रज आले. सरंजामदार धन्यासारखा पाय पसरून बसलेला दिसत होता, तरी त्यांनी हरकत घेतली नाही. झालं! नाव 'इतर हक्कां'तून उठून थेट मालकाच्या रकान्यात.

२ ऑगस्ट १९५४ ला हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मोकळं झालं. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. ताबा घ्यायला गायक आणि इतिहासकार! हल्ली या कामाला वेगळी माणसं पाठवतात.

पोर्तुगाल १९५५ त हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मागणी काय, तर दमणहून हवेलीत जायला भारतातून वाट. बांधावरच्या वाटेचं भांडण आपल्याकडे १९०६ च्या कायद्यानं मामलतदार मिटवतो. इथं पंधरा न्यायाधीश बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा: मराठ्यांनी दिला तो नुसता वसूल, पण इंग्रजांच्या मौनानं सत्ता पक्की झाली. माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, फौजेला नव्हती. आणि भारतानं वाट अडवली, त्यातही गैर काही नाही. वहिवाट मान्य, चालणं बंद! दोन्ही पक्षांनी पेढे वाटावेत असा निकाल आमच्या तालुक्यातही लागत नाही.

उरली विलीनीकरणाच्या दस्तावरची सही. १९६१ त के. जी. बदलानी हे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते हवेलीचे पंतप्रधान झाले आणि सही करून मोकळे झाले. कुलमुखत्यार असावा तर असा.

देश सुटला, सातबारा मात्र अडकलेलाच. पोर्तुगीजांनी जमीन कसण्याच्या अटीवर 'अल्वारा' नावाच्या सनदा वाटल्या होत्या. जमीन पडीक ठेवली म्हणून कलेक्टरनं त्यातल्या काही १९७४ त रद्द केल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं मार्च २०२५ मध्ये. जमीन कुणी कसली नाही. खटला मात्र पन्नास वर्षं बारमाही कसला.